दिवा एकीकडे, बिघाड दुसरीकडे: डिझेल गाडीच्या धूर-नियंत्रणातले दोष कसे शोधायचे

गाडी येते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि पिकअप गेलेला. स्कॅनर लावला की पडद्यावर दिसतं, फिल्टरमध्ये काजळी जास्त. नवा मेकॅनिक स्कॅनरवरून फोर्स रीजन देतो, म्हणजे फिल्टरमधली काजळी सक्तीने जाळायला लावतो. मग कोड, म्हणजे कंप्युटरने केलेली बिघाडाची नोंद, पुसतो, दिवा विझतो, गाडी जाते. पंधरा दिवसांत तीच गाडी तोच दिवा घेऊन परत दारात. तिसऱ्या खेपेला फिल्टर बदलायचं ठरतं, आणि काही महिन्यांत नवा फिल्टरही भरतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं हे काम चाललेलं असतं.

धूर-नियंत्रणाची यंत्रणा इंजिनाच्या पाठीमागे बसते, त्यामुळे इंजिनात जे काही बिघडतं ते तिच्या पदरात पडतं. इंजेक्टर गळू दे, टर्बो तेल सोडू दे, थर्मोस्टॅट उघडा राहू दे, तक्रार फिल्टरच्याच नावाने येते. कोड ज्या भागाचं नाव घेतो तो भाग खरंच बिघडलाय, की दुसऱ्याचा बिघाड फक्त त्याच्यापाशी येऊन दिसला, एवढं ठरवता आलं की निदानाचं बहुतेक काम झालं. हे ठरवायचं कसं, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी वाट समजून घ्या

सिलिंडरमधून निघालेला धूर कुठून कुठे जातो, हे कागदावर काढता येत नसेल तर स्कॅनर हातात घेऊ नका. थोडा धूर ईजीआर व्हॉल्व्हमधून आणि कूलरमधून गार होऊन परत इंजिनात जातो. त्यामुळे जळण्याचं तापमान उतरतं आणि नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइड्स, कमी तयार होतात. उरलेला धूर टर्बो फिरवून पुढे डीओसीत येतो. या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जळतं, आणि नायट्रिक ऑक्साइडचा काही भाग नायट्रोजन डायऑक्साइड होतो. त्यापुढे डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर. याच्या बारीक नळ्या एकाआड एक टोकाला बंद असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी मागे राहते. मग युरियाच्या द्रावणाचा फवारा येतो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, आणि एससीआर कॅटॅलिस्टमध्ये हा अमोनिया नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी करतो. शेवटी उरलासुरला अमोनिया जाळणारा एक छोटा कॅटॅलिस्ट असतो.

सगळ्या गाड्यांत हाच क्रम नसतो. कुठे एससीआरचा लेप फिल्टरवरच चढवलेला असतो, कुठे युरियाचे दोन फवारे असतात. म्हणून समोरच्या गाडीचा आराखडा कंपनीच्या मॅन्युअलमधून बघूनच कामाला लागा.

या सगळ्या भागांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे उष्णता. डीओसी साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसनंतर कामाला लागतो. युरियाचा फवारा १८० ते २०० अंशांच्या आधी सुरूच होत नाही. काजळी नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने २५० अंशांच्या पुढे हळूहळू जळते, पण नुसत्या ऑक्सिजनवर जळायला ५५० ते ६५० अंश लागतात. कायम थोड्या अंतरावर, कमी लोडवर चालणारी गाडी वारंवार का येते, त्याचं उत्तर या आकड्यांतच आहे.

हात लावण्यापूर्वी

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं असेल तर सायलेन्सरला धूर बाहेर नेणारा पाइप लावा. फोर्स रीजन मोकळ्यावर करा, गाडीखाली वाळलेलं गवत, कागद, तेलकट चिंध्या राहू देऊ नका. तेव्हा फिल्टर ६०० अंशांच्या घरात असतो आणि त्याचा पत्रा काळाच दिसतो, तापल्याचं डोळ्यांना कळत नाही. फिल्टरमधली राख फुंकायची नाही, झाडायची नाही, आणि मास्कशिवाय फिल्टर उघडायचा नाही. चावी बंद केल्यावर युरियाचा पंप नळीतलं द्रावण मिनिट-दोन मिनिटं टाकीत परत ओढत असतो. तेवढ्यात बॅटरी काढली तर द्रावण आतच राहतं, आणि पुढे नोझलमध्ये त्याचे खडे होतात.

हत्यारांत लाइव्ह डेटा दाखवणारा आणि चाचण्या चालवणारा स्कॅनर, बरा मल्टिमीटर, द्रावणातला युरियाचा टक्का दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर, मोजमापाचं प्लास्टिकचं भांडं आणि हाताने दाब देणारा छोटा पंप हवा. पाइपांत धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन असेल तर गळती शोधण्याचा निम्मा वेळ वाचतो.

पहिली पायरी: चालकाशी बोला, मग नुसतं बघा

स्कॅनर न सांगणाऱ्या कितीतरी गोष्टी चालकाला माहीत असतात. गाडी रोज किती चालते, किती वेळ उभ्या जागी इंजिन सुरू असतं, रीजन चालू असताना गाडी बंद करण्याची सवय आहे का, इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचं टाकलं, युरिया कुठून आणि कशातून भरला, गेल्या महिन्यात कुठलं काम झालं. शेवटचा प्रश्न नक्की विचारा. कालपरवा गिअरबॉक्स उतरवला असेल, तर सेन्सरची एखादी वायर दबली असण्याची किंवा होज उलटी लागली असण्याची शक्यता मोठी असते.

मग ऑइलची पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर अर्धवट सुटलेल्या रीजनचं डिझेल तेलात उतरलंय. रीजनसाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल फवारलं जातं, त्यातलं थोडं भिंतींवरून खाली ओघळतं. असं पातळ झालेलं तेल बेअरिंगला मारतं. ते बदलल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी करू नका.

सायलेन्सरच्या टोकात पांढरं फडकं फिरवा. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत ते जवळपास स्वच्छ निघतं. दाट काळी काजळी निघाली तर फिल्टर तडकलाय, त्याच्या बाजूने धूर निसटतोय, किंवा कुणीतरी तो आतून पोकळ केलाय. युरियाच्या नोझलभोवती, जोडांवर पांढरे खडे दिसतात का बघा. पाइपांच्या जोडांवर काळे ओघळ असतील तर तिथून धूर गळतोय. टर्बोच्या हवेच्या पाइपांवर ताजं ओलं तेल दिसलं तर त्या जोडातून हवा सुटत असण्याची शंका घ्या.

दुसरी पायरी: थंड इंजिनाची साक्ष

ही चाचणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. एवढी उपयोगी गोष्ट फार थोडे लोक करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि लाइव्ह डेटा उघडा.

धुराच्या पाइपावरचे सगळे तापमान सेन्सर, कूलंटचा सेन्सर आणि आत येणाऱ्या हवेचा सेन्सर, या सर्वांनी साधारण एकच तापमान दाखवायला हवं, बाहेरच्या हवेइतकं. पाच-सात अंश इकडेतिकडे चालतात. चार सेन्सर २४ ते २७ दाखवत असतील आणि एक ९० म्हणत असेल, तर तो खोटं बोलतोय. कोड आलेला नसला तरीही. अशा सेन्सरमुळे कंप्युटरला वाटतं की डीओसी तापलाय, किंवा कधीच तापत नाही, आणि रीजनचं सगळं गणित बिघडतं.

त्याच वेळी फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधला दाबातला फरक बघा. इंजिन बंद म्हणजे धूर वाहत नाही, म्हणजे फरक शून्य किंवा शून्याला अगदी लागून हवा. इथेच २-३ किलोपास्कल दिसत असतील तर फिल्टरला दोष देण्याआधी सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयित. हवेच्या दाबाचेही दोन आकडे मिळतात, एक वातावरणाचा आणि एक इनटेक मॅनिफोल्डचा. इंजिन बंद असताना ते दोन्ही सारखे दिसले पाहिजेत.

हे सगळे आकडे वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर तुलना करायला हेच लागतात.

तिसरी पायरी: कोड वाचा, पण पुसू नका

सगळ्या मॉड्यूलमधले कोड टिपा, फक्त इंजिनाचे नव्हे. प्रत्येक कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणीचा वेग, लोड, कूलंटचं तापमान, धुराचं तापमान. कोड पुसला की ही नोंद गेली. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट ६० अंशांवर आणि वेग चांगला ८० किलोमीटर दिसला, तर एससीआरचा कोड बाजूला ठेवून आधी थर्मोस्टॅट बघा.

सारखे दिसणारे काही कोड ओळखून ठेवा. पी२४६३ म्हणजे काजळी साठली. पी२४२एफ म्हणजे राख साठली, आणि ही दोन वेगळी दुखणी आहेत. पी२००२ म्हणजे फिल्टर पुरेसं अडवत नाही. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून कमी धूर परत येतोय. पी२०ईई म्हणजे एससीआरची कार्यक्षमता उंबरठ्याखाली गेली. पी२०७एफ युरियाच्या गुणवत्तेवर बोट ठेवतो. ट्रक-बसमध्ये बहुधा एसपीएन आणि एफएमआय अशी जोडी मिळते. एसपीएन कोणती गोष्ट ते सांगतो आणि एफएमआय तिला काय झालं ते सांगतो. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज नेहमीपेक्षा वर, ४ म्हणजे खाली, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. एफएमआय ३, ४, ५ दिसले की रसायनशास्त्र विसरा आणि मल्टिमीटर उचला.

एकदम सात-आठ कोड आले तर घाबरू नका. आधी विजेचे कोड सोडवा, मग इंजिन आणि हवेचे, मग ईजीआरचे, मग फिल्टरचे, आणि एससीआरचे अगदी शेवटी. म्हणजे धूर ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने. बऱ्याचदा वरचा एक सुटला की खालचे तीन आपोआप जातात.

चौथी पायरी: वायर आणि कनेक्टर

दाबाच्या सेन्सरला सहसा तीन वायरी असतात, ५ व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड आणि सिग्नल. कनेक्टर काढून चावी ऑन करा, पुरवठा ५ व्होल्टच्या आसपास आहे का बघा, ग्राउंड पक्कं आहे का बघा. नंतर कनेक्टर लावून सिग्नल वाचा. वायरीच्या आवरणाला सुई टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांब्याची हिरवी भुकटी होते. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवा.

नॉक्स सेन्सर मात्र निराळा. त्याच्या वायरीच्या टोकाला स्वतःचा छोटा कंप्युटर असतो आणि तो कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतले कंप्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांना माहिती देतात त्यांवरून, इंजिनाच्या कंप्युटरशी बोलतो. त्याच्याकडे सिग्नलचं व्होल्टेज शोधत बसू नका. पुरवठा, ग्राउंड आणि कॅनच्या दोन वायरी तपासा. बॅटरी सोडून कॅनच्या दोन वायरींमध्ये साधारण ६० ओहम मिळायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० मिळाले तर एका बाजूची लाइन तुटलीय. शिवाय हा सेन्सर सुमारे ८०० अंशांपर्यंत तापून काम करतो. धुरातला ओलावा जाईपर्यंत कंप्युटर त्याला तापवतच नाही, कारण गरम सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं. म्हणून थंड इंजिनावर नॉक्सचा आकडा आला नाही म्हणून सेन्सर मेला असं ठरवू नका.

पाचवी पायरी: काजळी येते कुठून

फिल्टरला हात लावण्याआधी इंजिनाची झडती घ्या. गरम झालेल्या इंजिनाचं कूलंट ८० ते ९० अंशांवर टिकतंय का? ६५ च्या आसपास रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि अशा इंजिनात पुष्कळ कंप्युटर रीजन सुरूच करत नाहीत. डिझेलच्या टाकीत इंधन कमी असलं तरीही बऱ्याच गाड्या रीजन रोखून धरतात.

लोडवर टर्बोचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी लावून बघा. प्रत्यक्ष दाब मागे राहत असेल तर हवा गळतेय. हवा कमी, डिझेल तेवढंच, काजळी भरपूर. इंजेक्टरचे सिलिंडरनिहाय करेक्शन आकडे बघा. एक सिलिंडर बाकीच्यांपासून फटकून वागत असेल तर रिटर्नच्या नळ्यांना बाटल्या लावून कोण जास्त डिझेल परत सोडतंय ते मोजा.

ईजीआरची सोपी चाचणी अशी. आयडलवर हवेच्या वजनाचा आकडा बघत स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडा. धूर आत आला की ताजी हवा कमी लागते, आकडा ठळकपणे खाली यायला हवा आणि इंजिन थोडं खडबडायला हवं. व्हॉल्व्ह उघडल्याचं स्कॅनर सांगतोय पण हवेचा आकडा हलत नाही, तर मागचा मार्ग किंवा कूलर काजळीने बुजला असण्याची शंका घ्या. कूलंट कमी होतंय आणि बाहेर ठिपका नाही, तर ईजीआर कूलर आतून गळत असू शकतो. ते कूलंट फिल्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही खराब करतं.

सहावी पायरी: फिल्टर

स्कॅनरवर दिसणारा काजळीचा टक्का कुणी वजन करून काढलेला नसतो. दाबातला फरक, धुराचा प्रवाह, चाललेलं अंतर, जळलेलं डिझेल यांवरून कंप्युटर तो अंदाजाने काढतो. सेन्सर चुकला की अंदाजही चुकला. म्हणून आधी दाब वाचा.

आयडलवर चांगल्या फिल्टरचा फरक अगदी थोडा असतो, बहुधा १ किलोपास्कलच्या आतबाहेर. रेस दिली की तो सरळ चढला पाहिजे आणि सोडली की लगेच उतरला पाहिजे. चढतो पण उतरायला वेळ लावतो, तर सेन्सरकडे जाणाऱ्या होजमध्ये पाणी किंवा काजळी आहे. रेस देऊनही शून्यावरच चिकटलेला असेल तर होज निसटली, भाजून फाटली, किंवा फिल्टर आतून पोकळ आहे. रेस दिल्यावर आकडा उणे जात असेल तर दोन्ही होजा उलट्या लागल्यात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा फिल्टर दुसरीकडे नवा बसवला होता, आणि कोड तरीही कायम होता. सेन्सरची खालची होज पाइपाला टेकून वितळली होती, भोक टाचणीएवढं. होज बदलल्यावर कोड गेला, पण चालकाचा फिल्टरवरचा खर्च काही परत आला नाही. होजा काढा, फुंकून बघा, वाकवून भेगा शोधा. हाताच्या पंपाने ठरावीक दाब देऊन सेन्सर तोच आकडा दाखवतो का, हेही पडताळता येतं.

सेन्सर खरं बोलतोय आणि दाब खरंच जास्त आहे, हे पक्कं झालं की पुढचा प्रश्न: काजळी की राख? काजळी जळते. राख जळत नाही, कारण ती इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त अशा धातूंच्या घटकांपासून येते. रीजन यशस्वी झालं, तापमान पुरेसं गेलं, तरी दाब थोडाच उतरला, तर ती राख. तिच्यासाठी फिल्टर उतरवून यंत्रावर साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. राख लवकर साठली तर इंजिन तेल पितंय का आणि तेल कमी राखेचं आहे का, हे शोधा. एपीआय सीजे-४ आणि सीके-४ तेलांत सल्फेटेड राखेची मर्यादा १ टक्का आहे, एसीईए सी३ मध्ये ०.८ टक्के. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडशी तडजोड करू नका.

फोर्स रीजन देताना स्कॅनर लावून निघून जाऊ नका. समोर उभे राहून डीओसीच्या आधीचं, नंतरचं आणि फिल्टरनंतरचं अशी तीन तापमानं बघा. डीओसीच्या आधी साधारण २५०-३०० अंश आणि नंतर ६०० च्या जवळ, असं चित्र हवं. नंतरचं तापमान चढतच नसेल तर सायलेन्सरकडे बघा. पांढरा, डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, म्हणजे डीओसी निकामी किंवा त्याचं तोंड काजळीने बुजलेलं. धूरही नाही आणि तापमानही नाही, तर डिझेल पोचतच नाही, आणि पाइपावर वेगळा डिझेल इंजेक्टर असेल तर तो चोंदलेला असण्याचा संभव मोठा. फिल्टरनंतरचं तापमान झपाट्याने वर पळायला लागलं तर आत काजळी बेलगाम पेटलीय. अशा वेळी इंजिन एकदम आयडलवर आणू नका किंवा बंद करू नका. वाहणारा धूरच उष्णता बाहेर नेत असतो. तो थांबला की फिल्टरचं सिरॅमिक वितळतं. कंपनीने दिलेल्या काजळीच्या वरच्या मर्यादेपलीकडे भरलेल्या फिल्टरला फोर्स रीजन द्यायचंच नाही, तो उतरवूनच साफ करायचा.

सातवी पायरी: एससीआर आणि युरिया

सर्वांत जास्त चांगले भाग इथे विनाकारण बदलले जातात. कार्यक्षमतेचं गणित साधं आहे. आधीचा नॉक्स सेन्सर ४०० पीपीएम आणि नंतरचा ४० पीपीएम दाखवत असेल तर ९० टक्के नॉक्स निकाली निघाला. पण हे आकडे उभ्या गाडीत आयडलवर बघून उपयोग नाही. गाडी लोडवर चालवा, एससीआरचं तापमान २५० अंशांच्या वर पंधरा-वीस मिनिटं टिकू द्या, मगच वाचा.

आता एक सापळा समजून घ्या. नॉक्स सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो. म्हणजे युरिया गरजेपेक्षा जास्त पडला आणि अमोनिया निसटायला लागला, तर नंतरचा सेन्सर आकडा वाढवतो. कंप्युटर 'कार्यक्षमता कमी' असा कोड टाकतो. मेकॅनिकला वाटतं युरिया कमी पडतोय. प्रत्यक्षात तो जास्त पडत असतो.

उलगडा असा करा. एकसारख्या लोडवर स्कॅनरने युरियाचा फवारा बंद करा आणि नंतरच्या सेन्सरकडे बघत राहा. आकडा आधी खाली आला तर तो अमोनिया होता, आणि नोझल टपकतंय किंवा आधीचा सेन्सर चढा आकडा सांगून जास्त युरिया मागतोय. कॅटॅलिस्टमध्ये साठलेला अमोनिया संपायला थोडा वेळ लागतो. तो संपल्यावर दोन्ही सेन्सर साधारण सारखे व्हायला हवेत, कारण मध्ये आता काहीच रूपांतर होत नाही. तेव्हाही त्यांच्यात मोठं अंतर राहिलं तर एक सेन्सर चुकीचा आहे. आधीचा सेन्सर पारखायला लांब उतारावर एक्सलरेटर सोडा. डिझेल बंद झालं की त्याचा आकडा शून्याकडे यायला हवा.

युरियाचं द्रावण ३२.५ टक्क्यांचं असतं, आयएसओ २२२४१ मानकानुसार ३१.८ ते ३३.२ च्या दरम्यान. टाकीतून थेंबभर काढून रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा. कमी भरलं तर कुणीतरी पाणी मिसळलंय. थोडं द्रावण काचेच्या पेल्यात घेऊन वर तेलाचा तवंग येतो का बघा. डिझेल मिसळलं असेल तर टाकी धुणं पुरत नाही, कारण पंपाची आणि नळ्यांची रबरं फुगलेली असतात. तांबं, पितळ किंवा जस्ताचा मुलामा असलेली भांडी युरियासाठी वापरू नका, त्यांतले धातू द्रावणात उतरून कॅटॅलिस्ट खराब करतात. उन्हात पडून राहिलेलं द्रावणही जुनं होतं. ३५ अंशांच्या साठवणीत त्याचं आयुष्य जेमतेम सहा महिने धरतात. आणि उणे ११ अंशांला ते गोठतं, म्हणून थंड भागातल्या गाडीत टाकीचा हीटरही तपासायच्या यादीत येतो.

द्रावण चांगलं निघालं तर नोझल उतरवा, मोजमापाच्या भांड्यात धरा आणि स्कॅनरने फवाऱ्याची चाचणी चालवा. ठरलेल्या वेळात ठरलेला साठा जमला पाहिजे आणि फवारा धुक्यासारखा, सारखा पसरलेला हवा. धार पडत असेल किंवा चाचणी थांबल्यावरही थेंब गळत असेल तर नोझल गेलं. साठा कमी जमला तर पंपाचा दाब, त्याचा फिल्टर आणि टाकीकडून येणारी नळी तपासा. सांडलेलं द्रावण लगेच पाण्याने धुवा.

पाइपात पांढरे खडे साठलेले दिसले तर ते कोमट पाण्यात विरघळतात का बघा. विरघळले तर तो नुसता वाळलेला युरिया. न विरघळणारा टणक, पिवळसर-पांढरा थर म्हणजे कमी तापमानावर फवारा पडत राहून युरियाचे दुसरेच पदार्थ तयार झालेत. ते उष्णतेनेच जातात, आणि तापमान कमी का राहिलं हे शोधलं नाही तर पुन्हा होतात.

चालकाकडची युरियाची नोंदही बोलकी असते. ट्रक-बससारख्या मोठ्या गाड्यांत इंजिनाच्या रचनेनुसार डिझेलच्या साधारण २ ते ६ टक्के युरिया लागतो. शंभर लिटर डिझेलमागे अर्धा लिटरच जात असेल, तर फवारा पडतच नाही किंवा कुणीतरी यंत्रणेला फसवणारं उपकरण बसवलंय. असं उपकरण सापडलं तर ते काढून मूळ वायरिंग पूर्ववत केल्याशिवाय निदान पुढे नेऊ नका, त्याच्यासोबत दिसणारा एकही आकडा विश्वासाचा नसतो. फिल्टर पोकळ करून द्या किंवा युरिया बंद करून द्या, असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. त्या धुरात श्वास घेणाऱ्यांत तुम्ही पहिले असता.

आठवी पायरी: दुरुस्ती पटवून घ्या

नवा दाब सेन्सर बसवला तर त्याचं शून्य शिकवावं लागतं. फिल्टर बदलला किंवा राख काढली तर राखेचा हिशेब स्कॅनरने शून्य करावा लागतो, नाहीतर कंप्युटर जुन्याच फिल्टरचं गणित धरून बसतो. नॉक्सच्या कोडमुळे कंप्युटरने पिकअप कमी केला असेल तर कित्येक गाड्यांत कोड पुसून तो परत येत नाही. मॅन्युअलमधली ठरलेली चाचणी पूर्ण करून यंत्रणेला खात्री पटवून द्यावी लागते.

त्यानंतर कोड पुसा आणि गाडी स्वतः चालवा, निदान अर्धा तास, मध्ये चढ आणि लांब सरळ रस्ता येईल असा मार्ग निवडून. परत आल्यावर ऑन-बोर्ड चाचण्या पूर्ण झाल्याचं स्कॅनर सांगतो का बघा. दिवा विझलेला असणं पुरेसं नाही, चाचणी झालीच नसेल तर दिवा लागणार तरी कसा? दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पुन्हा चावी ऑन करून वहीतल्या पहिल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. आणि गाडी हातात देण्याआधी ऑइलची पट्टी परत एकदा काढा, कारण तुम्ही दिलेल्या फोर्स रीजनचं डिझेलही त्या तेलात उतरलेलं असू शकतं.